तळ दिसणारं पाणी

लोहा, रविवार संध्याकाळ

सूनबाई, आधी वार टाक. काल विसरलीस, अन् विसरभोळी मला म्हणतीस. आता लिही.

नात प्रज्ञा समुद्रात बुडी मारायला शिकणार हाय, अन् पाण्याला तर लई भिते. मालवण का अंदमान, तिचं ठरंना. मी फोनवर एकच विचारलं, "तळ कुठं दिसतो?"

लहानपणी आमच्या विहिरीत तळाचा गाळ मुठीत आणला तरच बुडी खरी धरायचे. तळ दिसंना, म्हणून मी तीनदा रिकाम्या मुठीनं वर आले. खाली काय असतं, अजून ठाऊक न्हाई.

"अंदमानला दिसतो, आज्जी. शिकवणारा हात धरून नेतो."

मग अंदमानच. डोळे उघडे ठेव, येऊन मला सांग म्हणलं.

सूनबाई, तिच्यासंगं धपाटे बांधून दे. हात धरणाऱ्यासाठी चार जास्त.