चंद्र तिसऱ्या पानावर

२१ नोव्हेंबर १९६९, अमरावती

चंद्र तिसऱ्या पानावर गेला! जुलैत पहिला माणूस उतरला तेव्हा सबंध पहिलं पान दिलं होतं. अंकासाठी छापखान्यापुढे रेटारेटी. परवा आणखी दोघे उतरले. फोरमन नत्थुजी मजकूर घेऊन उभा— "साहेब, याले कुठी बसवू? कापसाच्या भावाखाली जागा हाये." तिथेच बसवला. कोणाची तक्रार नाही.

२३ नोव्हेंबर

अग्रलेख झाला— 'चांद्रयुग ओसरले काय?' अमेरिकेत पैसा आखडताहेत, माणसं कमी करताहेत. लोकांचं मन भरलं. तो बहर पुन्हा येईलसं वाटत नाही.

प्रुफं नेहमीसारखी सिंधूबरोबर पाहिली. मी मूळ मजकूर मोठ्याने वाचतो, ती प्रुफावर पेन्सिल फिरवते. थोरल्या भावाची, दादांची ही मुलगी शिकायला म्हणून माझ्याकडे आली, आता इथल्याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. थुंब्याच्या रॉकेट केंद्रातून तिला नोकरीचं बोलावणं आहे. जाऊ द्या म्हणून मी लिहिलंही, पण अकोल्याहून दादांचा होकार अजून नाही.

'गर्दी ओसरली आहे' हे शेवटचं वाक्य वाचलं. ती थांबली. "इथे एक काना राहिलाय," एवढंच म्हणाली, आणि चपला घालून बाहेर पडली.

लागलं असावं तिला. पण वाटतं ते लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

२६ नोव्हेंबर

दादांची तार— ताबडतोब ये.

२७ नोव्हेंबर, अकोला

दादा कोर्टातून आले ते वकिली कोट न काढताच बसले. अग्रलेख माझ्यापुढे टाकला— साक्षीदारापुढे टाकावा तसा.

"हे तूच लिहिलंस ना?"

"हो. पण ते अमेरिकेबद्दल—"

"ज्यांनी हे एवढं केलं त्यांचंच मन उडालं म्हणतोस. मग आपलं काय टिकणार? आणि पोरीला तिकडे धाडा म्हणतोस!"

आतून वहिनी— "कॉलेजात काय वाईट आहे भाऊजी? हिलाच काहून रॉकेट पायजे?"

मग दादांचा आवाज उतरला. तरुणपणी ते वकिली सोडून खादीच्या आश्रमात राहिले होते. परत आले ते गप्पच. कारण कधी बोलले नाहीत, आज बोलले.

"मी गेलो तेव्हा भर ओसरला होता, मोरू. चरखे होते, माणसं नव्हती. भेट द्यायलाही कोणी येईना. रोज झाडलोट करायची आणि बसायचं. माणूस आतून वाळून जातो रे. पोरीचं तसं नको."



निघताना दारापर्यंत आले. "प्रश्नचिन्ह टाकून तू मोकळा झालास. आता उत्तर दे. ओसरलं असेल तर तिला थांबव. नसेल तर तसं छाप— दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीत बसवतो."

२८ नोव्हेंबर

मूर्तिजापूरपर्यंत बसमध्ये दोन्ही उत्तरं मनात लिहून पाहिली. छापण्याजोगं एकही नाही.

२९ नोव्हेंबर

सिंधूला सगळं सांगितलं, आश्रमाचंही. तिचे डोळे भरून आले. "बाबांना मीच जाऊन सांगते," म्हणाली. मग— "काका, होकाराची तार मी त्या दिवशीच केली. प्रुफं पाहून सरळ पोस्टातच गेले. गर्दी ओसरली, असं तुम्ही वाचलंत ना— मला वाटलं, आता आपल्याला उभं राहायला जागा असेल."