फ्राऊ क्लिंगमानचं सात नंबरचं गाणं

लुडविग्सहाफेन,
रविवार दुपार

ती. भास्करमामांस,

सत्यजितचा इथूनच वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घ्यावं.) तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि तुम्ही फिजिओथेरपीवाल्या मुलीचं इंग्रजी सुधारायला घेतलंत, असं शमिकावहिनींनी कळवलं. ऐकून बरं वाटलं. मुलीसाठी वाईट वाटलं. इकडे स्वरूपा मजेत, अन्वी मजेत आणि मी दमलेला आहे. या दमण्यात थोडा वाटा तुमचाही आहे. आठव्या वर्षी मला ओढून इंग्रजीला बसवलं नसतंत, तर गेला महिना मी सुखाने फॅक्टरीतले पंप दुरुस्त करत घालवला असता.

आमच्या खालच्या मजल्यावर क्लिंगमान म्हणून म्हातारं जोडपं राहायचं. हेर क्लिंगमान (हेर म्हणजे इथले श्रीयुत, फ्राऊ म्हणजे श्रीमती) ऱ्हाइनच्या बंदरात क्रेन चालवायचे. निवृत्त झाल्यावर जिना पुसायचे. (जिना पाळीपाळीने पुसायचा असा इथला नियम आहे. आमची पाळी झाली की ते तोच जिना पुन्हा पुसायचे. बोलायचे काही नाहीत.) पुसताना घराचं दार उघडं ठेवून नेहमी एकच सीडी लावायचे. कुणा जुन्या अमेरिकन कंट्री गायकाची निवडक लोकप्रिय गाणी. कव्हरवर भली मोठी हॅट आणि नुकतीच इन्कम टॅक्सची नोटीस आल्यासारखा चेहरा. हा गृहस्थ गाणी स्वतःच लिहितो, चाली स्वतःच लावतो, गातोही स्वतःच. म्हणजे दुःखाच्या कामात बाहेरच्या माणसाला शिरूच देत नाही. इतकी वर्षं मी ती गाणी जिन्यातून ऐकली आणि एकाही शब्दाकडे लक्ष दिलं नाही. ते दिवस सुखाचे होते.

गेल्या महिन्यात हेर क्लिंगमान गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. नंतर एका दुपारी फ्राऊ क्लिंगमान ती सीडी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. अंत्यविधीला ‘त्याचं’ गाणं लावायचं होतं, पण तिथे भाषण करणाऱ्या बाईंनी गाण्याचा अर्थ विचारला होता आणि फ्राऊ क्लिंगमानना इंग्रजी अजिबात येत नाही. “तुम्ही इंडियाचे, तुम्हाला येतं ना?” म्हणाल्या. माझं इंग्रजी ‘सोबत जोडलेली फाइल पाहावी’ एवढंच आहे, हे दारात उभ्या असलेल्या विधवेला कसं सांगणार? या म्हटलं, बसा.

मामा, तुम्ही शिकवलेलं इंग्रजी तोंडाने बोलतात. हा माणूस शब्द नाकातून काढतो आणि अर्ध्यावर गिळतो. तरी हळूहळू लागत गेलं. पहिल्या गाण्यात बायको सोडून जाते. दुसऱ्यात तो दारू सोडतो, तिसऱ्यात परत धरतो. चौथ्यात घोडा मरतो, आणि त्याचं त्याला बायकोपेक्षा जास्त वाईट वाटतं. अशी वाट काढत सात नंबरला आलो, तर बाईंनी डोळे मिटून घेतले. हेच ते. स्वयंपाकघरात त्यांच्या कमरेला हात घालून, डुलत डुलत हेर क्लिंगमान हे गाणं म्हणायचे, लग्न झाल्यापासून.

चाल खरंच गोड आहे. मी पहिली ओळ सांगितली: “तू गेलीस आणि घर शांत झालं. मी आणि कुत्रा पायरीवर बसून असतो.” बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. पुढची ओळ होती, ‘देवाची कृपा, कित्येक वर्षांनी आज सुखाची झोप लागली.’ मी म्हटलं, पुढे तेच तेच आहे. कोपऱ्यात बसलेल्या अन्वीने वहीतून मान वर काढली. (ती शिकतेय जर्मन शाळेत, पण इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मराठीही सगळं कळतं, फक्त उत्तर जर्मनमध्ये देते.) मी डोळे वटारले. बाईंनी तिथल्या तिथे ठरवलं: हेच गाणं लावायचं, आणि अर्थ मीच वाचून दाखवायचा.

स्वरूपा म्हणाली, “आता तूच निस्तर.” खरं सांगायला मी दोनदा खाली गेलो आणि दोन्ही वेळा केक खाऊन परत आलो.

तर स्मशानातला हॉल, काळा सूट, समोर बंदरातली सगळी म्हातारी मंडळी. मी माझ्या दोन ओळी वाचल्या. गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला मागच्या रांगेतल्या एका आजोबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. नीट पाहिलं तर हसू दाबताहेत. या आजोबांची उभी हयात मानहाइमला अमेरिकन सैन्याच्या छावणीत नोकरी करण्यात गेलेली, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. फ्राऊ क्लिंगमाननी वळून त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काय म्हणतोय तो? सगळं सांगा.”

सांगितलं. कानात, ओळीमागून ओळ. बायको गेली, झोप लागली, कुत्र्यालाही बरं वाटतंय, परत येऊ नकोस, कुलूप बदललंय. मामा, पंपाचा वॉल्व्ह माझ्या हाताखाली फुटला तेव्हाही मला इतका घाम आला नव्हता.

गाणं संपलं. मग बाई म्हणाल्या, “हेर कारखानीस, माझ्या हान्सला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं.”

“एकही?” मी विचारलं.

“एकही नाही. त्याला वाटायचं, हे लग्नातलं गाणं आहे. मला म्हणायचा, ऐक, तुझ्याबद्दल आहे.” आणि त्या हसायला लागल्या. आधी रुमालात, मग मोकळ्या. मागचे आजोबाही सुटले. बाईंनी हात वर करून सांगितलं, परत लावा. परत लावलं. या वेळी अर्धा हॉल चुकीच्या इंग्रजीत गात होता, बाई एकट्याच हलके हलके डुलत होत्या, आणि कमरेजवळ त्यांचा स्वतःचाच हात होता. मला जरा बाहेर जाऊन यावं लागलं.

असो. तेव्हापासून मला झोपेची थकबाकी आहे. प्रकृतीला जपावं, त्या मुलीला जरा सूट द्यावी.

तुमचा,
सत्यजित

ता.क. पत्राचं खरं कारण राहिलंच. पुढच्या महिन्यात हेर क्लिंगमान यांच्या वाढदिवसाला बाईंनी सगळ्यांना कॉफीला बोलावलंय आणि या वेळी अकरा नंबर लावणार आहेत. अर्थ अर्थातच मी सांगायचा. गाणं शमिकावहिनींच्या फोनवर पाठवलं आहे. मी कितीदा ऐकलं, पण तो माणूस आईच्या आठवणीने रडतोय की जुना ट्रॅक्टर विकतोय, ते कळत नाही. स्वरूपा म्हणते आई, अन्वी म्हणते ट्रॅक्टर. तुम्ही ऐकून निकाल द्या.

ता.क. दोन. निकालासाठी फोन कराल तेव्हा तो स्पीकरवर असेल आणि अन्वी शेजारी असेल, आणि ऐकलेलं सगळं ती खाली बाईंना सांगणारच. ट्रॅक्टर निघाला, तरी तुम्ही आईच म्हणा.