ताई, बटणांचा प्लेअर आता मिळत नाही

प्रिय ताई,

जयभीम.

तू म्हणशील, वेडी झालीस का बेबी? गेलेल्या माणसाला कुणी पत्र लिहितं का? आपण आत्मा मानत नाही. तुझ्या पुण्यानुमोदनाला भंतेजींनी सगळ्यांसमोर तेच समजावून सांगितलं आणि मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावली. बाबा असते तर आज माझ्या हातातलं पेन काढून घेतलं असतं. तरी लिहितेय. कारण परवा जेल रोडला गेले होते, गाण्यांचा प्लेअर घ्यायला. दुकानातून निघताना सवयीने मागे न बघताच म्हटलं, "ताई, हळू, पायरी आहे." मागे भलतीच बाई होती. म्हणाली, "हां हां, देख लिया."

आता हे मी कुणाला सांगू? तुलाच ना!

आपण दोघी तुझा प्लेअर घ्यायला गेलो होतो, ते आठवतं? डायलिसिस नुकतंच सुरू झालं होतं. तुकोगंजच्या सेंटरमध्ये तुला पलंगावर झोपवायचे, डाव्या हातात सुया टोचायचे, आणि एकदा का रक्त मशीनमधून फिरायला लागलं की चार तास तो हात जागचा हलवायचा नाही. आत नातेवाइकांना मनाई. मी बाहेर बाकावर, तू आत छताकडे बघत. मी म्हटलं, माझा जुना मोबाईल घे, त्यात गाणी भरून देते.

"मोबाईल नको. तो वाजतो."

"घंटी बंद करून देते ना."

"मग मला वाटत राहील की कोणी तरी करत असेल." आणि मग तू हसलीस. "जिंदगीभर टेलिफोन खात्यात दुसऱ्यांचे फोन जोडले, बेबी. आता मला असं काही तरी दे, ज्यात मी कोणाला सापडणार नाही."

किती दुकानं फिरवलीस मला! प्रत्येक दुकानदार आधी हसायचा. "मॅडम, आजकल ये कौन लेता है? मोबाईल में सब है." तू ऐकून घ्यायचीस आणि तरी म्हणायचीस, "भिया, दिखाओ तो सही." एकाने चकचकीत, काचेसारखा पातळ प्लेअर काढला. स्क्रीन मोठी, चित्र सुरेख. मला तर तोच आवडला होता. तू तो उजव्या हातात घेतलास, डावा हात पाठीमागे नेलास, डोळे मिटलेस आणि अंगठा फिरवायला लागलीस. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला, मतलब, या बाईंना काय झालं.

"भिया, मेरा एक हाथ चार घंटे मशीन के पास गिरवी रहता है," तू डोळे न उघडता म्हणालीस. "दूसरे हाथ से चलना चाहिए, और बिना देखे चलना चाहिए."

दुकानदाराचं हसणं तिथेच थांबलं. तो स्वतः शिडीवर चढला आणि वरच्या खोक्यातून तो राखाडी प्लेअर काढून आणला. जाड, बुटका, छोटीशी स्क्रीन. पण बटणं अशी उठलेली की बोटाला कळावं, हे पुढे, हे मागे, हे आवाजाचं. तू पुन्हा डोळे मिटलेस. अंगठा एकदा वर, एकदा खाली. "हाच," म्हणालीस. मी म्हटलं, "ताई, किती कुरूप आहे गं!" तर म्हणालीस, "मला काय त्याच्याशी लग्न लावायचंय?"

बाहेर आल्यावर मला आपली इंदुरी, दुधाची शिकंजी घेऊन दिलीस. तुला तर दूध, पाणी, सगळंच मोजून. मी नको म्हणाले. "तू पी, मी बघते," म्हणालीस आणि खरंच बघत बसलीस, माझ्या ग्लासातलं केशर, वरचा मेवा.

मग तो भरायचा उद्योग! तुझी जुनी गाणी, बुद्धवंदना, दोन-चार विनोदी सिनेमे. आणि बाबांची कॅसेट. महूच्या आपल्या क्वार्टरांच्या लाइनीत भीमजयंतीला बाबांची गायन पार्टी बसायची, त्यातल्या एका वर्षाची व्हिडिओ कॅसेट तेवढी उरली होती. स्टुडिओवाल्याने ती साफ करून फाइल बनवून दिली. बाबा पेटी वाजवताहेत, गळ्यात निळा रुमाल, डोळे बंद. आणि एका कडव्याच्या मध्येच आई पाण्याचा तांब्या घेऊन कॅमेऱ्यासमोरून निघून जाते. बस, तेवढीच आई. मी लहान होते ती गेली तेव्हा. मला तिची चाल आठवतच नव्हती. त्या दिवशी आपण दोघींनी ती किती वेळा चालवली, मागे घेतली, पुन्हा चालवली! तू म्हणालीस, "बघ, डावा पाय थोडा ओढते. तू पण असंच चालतेस."

मला आजवर हे कुणी सांगितलं नव्हतं.

तुझ्या शेजारच्या पलंगावर केसरबाई असायच्या. जवळच्या हातोदच्या, कांदा-लसूण पिकवणाऱ्या घरच्या, तुझ्याच वयाच्या. त्यांचा मुलगा त्यांना सोडून मंडीत जायचा आणि दुपारी न्यायला यायचा. पहिल्या दिवशी त्यांनी तुला विचारलं होतं म्हणे, "बेन, यो कुण गई रियो हे?" कोण गातंय म्हणून. तू इअरफोनचं एक बोंडकं काढून त्यांच्या कानात दिलंस. मग रोजचंच झालं ते. वायर पुरावी म्हणून नर्सने पलंगही जवळ सरकवून दिले. हे सगळं तू मला परतीच्या रिक्षात दोन वाक्यांत सांगितलंस आणि गप्प झालीस.

तशी तू गप्पच ना! आई गेल्यावर तू माझ्या वेण्या घातल्यास, माझे डबे भरलेस, माझी फी भरायला रांगेत उभी राहिलीस, सगळं न बोलता. शेवटच्या वर्षी तर फारच कमी बोलायचीस. मला वाटायचं, थकवा असेल. मी बाहेर बाकावर बसून काचेतून बघायचे तर फक्त तुझे पाय दिसायचे, मोजे घातलेले.

तू गेलीस त्यानंतर तुझी भाची मैत्री आणि मी तुझा आवाज शोधत बसलो. खरंच सांगते. फोनवर तू "हां, बोल" म्हणायचीस आणि काम झालं की ठेवून द्यायचीस. व्हॉइस मेसेज तुला फालतू वाटायचे. मैत्रीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ आहे, त्यात तू तिला केक भरवतेस आणि काही तरी म्हणतेस. पण पोरीने स्टेटससाठी त्यावर गाणं चढवलं होतं आणि मूळचा व्हिडिओ काढून टाकला होता. तुझे ओठ हलतात, आणि वर कुणी तिसराच गातोय. मैत्री किती रडली! "मावशी काय म्हणत होती, मला आठवतच नाही गं आई." मलाही आठवत नाही. तूच सांग, काय म्हणत होतीस?

प्लेअरमध्ये आपण सगळं भरलं, ताई. बाबांना भरलं, आईला भरलं. तुला भरायचं सुचलंच नाही. तू समोर होतीस ना!

असो. मुद्द्यावर येते. गेल्या आठवड्यात केसरबाईंचा फोन आला. मुलाच्या फोनवरून. आधी कितीतरी वेळ नुसत्या "बेन, बेन" म्हणत राहिल्या. मग म्हणाल्या की चार तास आता कटत नाहीत. सुनेने मोबाईल दिलाय, पण तो घडीघडी वाजतो, आणि काचेवर बोट ठरत नाही, हात कापतो. "म्हारे थारी बेन वालो चइये. कठे मिले?" तुझ्यासारखाच हवा होता त्यांना, आणि तो कुठे मिळेल ते विचारत होत्या. तुझा मागत नव्हत्या हं. एकदाही नाही.

तुझा माझ्या उशाशी असतो. तुझ्या जाण्याचं त्याला काही नाही, चार्ज केला की चालतो, न केला की बंद. पण आवाजाच्या बटणावरचा रंग उडालाय तो तुझ्या अंगठ्याने. तो द्यायचा? मी मनातल्या मनातच म्हटलं, नाही. नवा घेऊन देते.

म्हणून परवा जेल रोड. ते आपलं दुकान आहे अजून, पण आता तिथे मोबाईलची कव्हरं टांगलीत. दुकानदाराने मला ओळखलं. "वो दीदी नहीं आईं?" मी सांगितलं. त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. म्हणाला, "वो बटन वाला तो बंद हो गया, मॅडम. कंपनी ही नहीं बनाती." मग आजूबाजूच्या दुकानांतही विचारून आला. कुठेच नाही. सगळं काचेचं. एकाने स्क्रीनवाला स्पीकर दाखवला, तो मांडीवर मावत नाही. एकाने मुलांसाठीचा रंगीत प्लेअर काढला, त्याची बटणं इतकी बारीक की नखाने दाबावी लागतात. शेवटी त्यातल्या त्यात बरा, वजनाला हलका असा एक काचेचा घेतला. घरी येऊन पलंगावर आडवी झाले, डावा हात सरळ ठेवला, डोळे मिटले आणि चालवून बघितला. गाणं लावायला गेले तर व्हिडिओ लागला. आवाज कमी करायला गेले तर वाढला. मैत्री धावत आली, "आई, काय झालं?" केसरबाईंच्या कापऱ्या हाताला हे कसं जमणार?

मी उठून बसले. तुझा प्लेअर हातात घेतला. बराच वेळ घेतला, ताई, खोटं कशाला सांगू? मग मैत्रीला म्हटलं, यातलं सगळं त्या नव्यात उतरवून दे. नवा मी ठेवते.

काल सकाळी सेंटरवर गेले. नर्स ओळखीची, म्हणाली, दोन मिनिटं आत जा. पहिल्यांदाच ती खोली आतून बघितली. तुझ्या पलंगावर दुसरं कुणी होतं, चादर डोक्यावर घेतलेलं. केसरबाईंच्या उजव्या हातात प्लेअर दिला. त्यांनी बघितलासुद्धा नाही, अंगठा थेट बटणावर गेला. मग त्यांना कळलं हा कोणता ते.

"यो तो उणको हे."

"हो. आता तुमचा."

त्या रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, बस. आणि मग जे सांगायला लागल्या ना, मी ऐकतच राहिले. मला वाटायचं तुम्ही दोघी गाणी ऐकायच्या. त्या म्हणाल्या, "गाणा तो थोड़ाक सुणता. थारी बेन तो बोलती रेती." गाणी थोडीशीच, बाकी वेळ तू बोलत असायचीस! तू? आमची ताई? काय बोलायची, विचारलं. "बेबी री वातां." माझ्या गोष्टी. महूच्या मैदानावर मला सायकल शिकवताना तू मागून हात कधीच सोडून दिला होतास आणि मी एकटीच झाडापर्यंत गेले होते, ती गोष्ट. मी नोकरीच्या पहिल्या दिवशी तुझी साडी नेसले आणि बसच्या खिळ्याला फाडून आणली, ती. आणि एक मला माहीतच नसलेली: तुझं लग्न ठरत होतं, मुलगा नागपूरचा होता आणि तू नाही म्हणालीस, कारण मी त्या रात्री विचारलं होतं, "ताई, मग माझी वेणी?"

असं काय गं! मला का नाही सांगितलंस? चार तास एका परक्या बाईला सांगितलंस आणि रिक्षात माझ्या शेजारी बसून बाहेर बघत आलीस? मी रागावले असते म्हणून? की रडले असते म्हणून? मी रडलेच, ताई. नर्स दोन मिनिटं म्हणाली होती, पण तिने मला उठवलं नाही.

केसरबाई तुझी नक्कल पण करतात, माहीत आहे? "अगं बेबी म्हणजे ना" असं मराठीत, तुझ्याच सुरात, शेवट थोडा वर नेऊन. मग त्यांनी सांगितलं की त्या स्वतः लग्नांत बन्नी, म्हणजे नवरीची गाणी, गायच्या, सगळ्या हातोदमध्ये त्यांना बोलवायचे, आता दम पुरत नाही. मी विचारलं, कुणी रेकॉर्ड केलंय का? त्या हसल्या. "म्हारो कुण करेगो?"

तुला शब्द देते, ताई. या रविवारी मी आणि मैत्री हातोदला जातोय. मुलाशी बोलून झालंय. केसरबाईंना अंगणात बसवणार, दम लागेल तिथे थांबणार, पाणी त्यांच्या डॉक्टरने सांगितलंय तेवढंच देणार, आणि त्या गातील ते सगळं रेकॉर्ड करणार. वर कुठलंही गाणं चढवू देणार नाही. आधी त्यांच्या बन्नी. त्या त्यांच्या आहेत. त्यानंतर त्यांना वाटलं तर तुझ्या गोष्टी, त्यांच्या मालवी बोलीत का असेनात. त्या थकेपर्यंत नाही, त्यांची इच्छा असेपर्यंत. आणि एका रविवारात झालं नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा जाईन.

तुझीच,
बेबी
जुनी इंदूर