हाडकीतला सादडा

सातारा,
८ डिसेंबर १९९६

ती. आप्पांना,
सविनय जयभीम, वि. वि.

पत्र मिळाले. एस.टी.ची ड्रायव्हरकी सुटली तरी तुमचे अक्षर अजून खड्ड्यांतूनच जाते. पण बातमी वाचून फार आनंद झाला. आपल्या हाडकीतल्या सादड्याच्या झाडावर गिधाडांनी घरटे केले आणि एक पक्षी सारखा बसून असतो, म्हणजे अंडे असणार. वर्षाला एकच घालतात. आईबाप आळीपाळीने उबवतात आणि पिल्लाला भरवतातही दोघे. तिसऱ्यांदा चहा मागत पेपर वाचणारा बाप त्यांच्यात नसतो, हे आईला जरूर सांगा.

इकडे साताऱ्याभोवती मी ज्या झाडांवर गिधाडे पाहिली होती ती यंदा रिकामी आहेत. कारण कुणालाच सांगता येत नाही. कॉलेजात मी पोरांना शिकवते की गिधाड आहे म्हणून मेलेले जनावर सडत पडत नाही, आणि दाखवायला मात्र एक गिधाड नाही. म्हणून विनवते, घरट्यावर लक्ष ठेवा. मला मनातून भीती वाटते आहे.

लोभ आहे तसाच राहू द्या.
तुमची,
प्रियदर्शनी


मु. वाडी, पो. पलूस,
२६ जानेवारी १९९७

चि. प्रियदर्शनीस,
अ. आ. व जयभीम.

पिल्लू झाले! रूपाने थेट तुझ्या लालासाहेब मामावर गेले आहे, मान लांब आणि डोक्यावर केस नाहीत. हे ऐकून तुझी आई दिवसभर बोलली नाही. आता तीच धुणे वाळत घालता घालता मला हाक मारते, की आवं, बघा की, आलं न्हवं का त्येचं आईबाप.

पण येतात ते बहुतेक रिकाम्या पोटाने. पूर्वी गावात जनावर मेले की हाडकीत पडायचे. आता टेम्पो येऊन कातडे नेतो आणि उरलेले धूड लोक पुरून टाकतात. पिल्लू चोच वासून बसलेले असते, बघवत नाही.

नाथाजी पाटलाचा हौश्या बैल मागच्या पायांनी बसला आहे. दुखणे कमी व्हावे म्हणून डॉक्टर रोज इंजेक्शन देतो. नाथाजीची बायको गावभर सांगते, माज्या गुडघ्याला कवा डॉक्टर आणला न्हाई ह्यानं!

आई विचारते, वेळेवर जेवतेस का. तिला उत्तर दे, मला नुसते पक्ष्यांचे कळव.
तुझा,
आप्पा


सातारा,
३ फेब्रुवारी १९९७

ती. आप्पांना,
सविनय जयभीम, वि. वि.

जेवते, असे आईला सांगा.

एक मागणे आहे. त्या जुन्या कामाचा विषय निघाला की तुम्ही उठून जाता हे मला माहीत आहे, तरी लिहिते. पिल्लाला उडायला अजून दोनेक महिने लागतील. तोवर आईबाप उपाशी राहिले तर ते जगायचे नाही. हौश्या गेलाच, तर नाथाजीकाकांना सांगून त्याला हाडकीत आणता येईल का?

रागावलात तर रागाचे का होईना, पण पत्र लिहा.
तुमची,
प्रियदर्शनी


मु. वाडी,
१० फेब्रुवारी १९९७

चि. प्रियदर्शनीस,
अ. आ.

तुला एवढे शिकवले ते हे ऐकायला? गावची मेलेली जनावरे ओढावीत म्हणून आपल्या लोकांना हा हाडकीचा तुकडा मिळालेला, हे तुला नव्याने सांगायला नको. तुझ्या आज्जाने छप्पन साली दीक्षा घेतली आणि ओढायचा दोर याच सादड्याखाली जाळला. गावाने पुढे वर्षभर विहीर बंद केली. माझ्या आईने नदीवरून पाणी वाहिले, पण आज्जाने दोर पुन्हा हातात घेतला नाही. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, सगळे डोळ्यांनी पाहिले आहे. पक्ष्यांसाठी जीव तुटतो माझा. पण हे मला सांगू नकोस.

डिंकाचे लाडू पाठवले आहेत. तो आईचा हट्ट, माझा राग कायम आहे.
आप्पा


मु. वाडी,
२१ फेब्रुवारी १९९७

चि. प्रियदर्शनीस,
अ. आ. व जयभीम.

हौश्या गेला. पिल्लाचे हाल मी नाथाजीजवळ बोललो होतो, तुझे मागणेही सांगून बसलो होतो. तो स्वतः दारात आला. म्हणाला, जालिंदर, तुला दोर धर म्हनायला मला तोंड न्हाई. मीच आणतो, तू निस्ती जागा दे. लय सोसलंय हौश्यानं, मातीत कुजवू वाटंना मला.

ट्रॅक्टर आणला, पण उसाच्या पाटात चाक रुतून बसले. मग नाथाजी पाटील एकटाच दोर खांद्यावर घेऊन ओढू लागला. ओढत होता आणि रडत होता. मी बराच वेळ बांधावर उभा राहिलो. शेवटी जाऊन दोर धरला. कुणी सांगितले नव्हते म्हणून धरता आला, पोरी.

दुपारी आभाळातून एकेक उतरू लागली. लांबलांबची आली असतील, इतकी मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. जोडीतला एक पिल्लापाशी थांबला, बाकी सगळी पोटभर जेवली. नाथाजी डोळे पुसत म्हणाला, हौश्या सार्थकी लागला. पोरी, तुझे ऐकले ते बरे झाले.

तुझ्यावर कधीच न रागावलेला,
आप्पा


सातारा,
१ मार्च १९९७

ती. आप्पांना,
सविनय जयभीम, वि. वि.

तुमचा फोन आला आणि मी धावत आले, पण येऊन काय केले? सादड्याच्या फांद्यांवर गिधाडे माना खाली टाकून बसली होती, झोपेत असल्यासारखी. माझ्या डोळ्यांदेखत एक खाली पडले. तुम्ही मला काही बोलला नाहीत, याचाच त्रास जास्त होतो आहे.

सोबत आणलेला पक्षी इथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी उघडून पाहिला. काळजावर, आतड्यांवर चुन्यासारखा पांढरा थर होता. असे त्यांनी आधी कधी पाहिले नव्हते. त्यांच्या माहितीतले विष नाही म्हणाले, आणि बैलाला काय दिले होते ते विचारले. मी इंजेक्शनाचे सांगितले. ते म्हणाले, त्याने जनावराला आराम पडतो, मीही देतो. आप्पा, ते कारण असेल की एखादा आजार असेल, मला कळत नाही. एवढेच कळते की दोर तुमच्या हातात मी दिला.

जमेल तेव्हा दोन ओळी लिहा.
प्रियदर्शनी


मु. वाडी,
१५ मार्च १९९७

चि. प्रियदर्शनीस,
अ. आ. व जयभीम.

पहिली गोष्ट, रडत बसू नकोस. दोर मी माझ्या मनाने धरला होता. मेलेले पक्षी नाथाजीने आणि मी पुरले. ओढले नाहीत, दोघांनी उचलून नेले.

हौश्याला आणले त्या दिवशी घरट्यापाशी थांबला होता तो पक्षी आणि पिल्लू, एवढीच उरली आहेत. जोडीतला दुसरा खाऊन आमच्यासमोर खालच्या फांदीवर बसला तो पिल्लाला भरवायला वर गेलाच नाही. आता हा एकटाच हिंडतो आणि संध्याकाळी तसाच परत येतो.

काल जोतीरामची म्हैस मेली. आम्ही हौश्याला आणला म्हणून त्यानेही आपल्या मनाने आणून हाडकीत टाकली. मी विचारले तर म्हणाला, व्हय, इंजेक्शनं हिलाबी दिल्ती. पक्षी झाडावरून उतरला. कित्येक दिवसांचा उपाशी होता, गं. मी काठी घेऊन धावलो. तो लांब जाऊन बसायचा आणि पुन्हा चालत यायचा. नाथाजी खड्डा खणत होता आणि मी पक्ष्याला हाकलत होतो. म्हैस पूर्ण मातीआड होईपर्यंत तो तिथून हलला नाही. वर पिल्लू ओरडत होते. तुझी आई कानांवर पदर घेऊन घरात गेली.

कारण तेच आहे हे तुला माहीत नाही, मला तर नाहीच. उगीच उपाशी मारतो आहे का मी त्यांना? तुझ्या पुस्तकांत बघ, त्या डॉक्टरांना पुन्हा विचार, आणि काय ते लवकर कळव. पिल्लू आज सकाळपासून ओरडलेले नाही.

वाट पाहतो आहे.
तुझा,
आप्पा