पेशंटचे शब्द

बाई, आज सकाळी तुमच्या नावावर पुन्हा एकदा खोटं बोलले, म्हणून लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मुलुंडच्या आपल्या त्या वृद्धाश्रमाच्या जागी आता टॉवर उभा आहे, आणि मी तुमच्यापेक्षा वयाने मोठी झालेय. तुम्ही तिथल्या मेट्रन होतात. मी नुकता कोर्स संपवून आलेली, आपल्याला सगळं येतं असं वाटणारी नर्स.

तेव्हा गिरण्यांचा संप चालू होता. सिरिंजा काचेच्या असायच्या, रोज पातेल्यात उकळाव्या लागायच्या. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे आणि प्रत्येकाच्या कागदावर शेवटी लिहून जायचे, अमुक गोळी, एसओएस. म्हणजे रोजची नाही, गरज लागली तरच. गरज लागली की नाही हे ठरवायचं आम्ही, पण तुम्ही ते आम्हाला सुखासुखी ठरवू द्याल तर शपथ! त्या गोळ्यांची वेगळी वही होती. वेळ, गोळीचं नाव, आणि मग तुम्ही स्वतः पट्टीने आखलेला रुंद रकाना, ‘पेशंटचे शब्द’. आधी खाटेशेजारी स्टूल घेऊन दहा मिनिटं बसायचं, पेशंट काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, मग कपाट उघडायचं. इकडे बाराजण हाका मारतायत आणि मी आपली स्टुलावर बसलेय! मला तुमचा भयंकर राग यायचा.

गिरणीत आयुष्य काढलेले ते आजोबा तुम्हाला आठवत असतील. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांना एखाददुसराच शब्द जमायचा. रोज दुपारी चारच्या सुमारास ते खाटेचा दांडा गदागदा हलवायचे, ओरडायचे. एके दिवशी तुम्ही बँकेत गेला होतात. मी रकान्यात ‘बेचैन’ असं लिहिलं आणि त्यांना झोपेची गोळी दिली. वॉर्ड चिडीचूप झाला. काय खूश होते मी! तुम्ही आलात, वही उघडलीत. एरवी तुम्ही आमच्याशी शाळेतल्यासारखं शुद्ध बोलायचात, पण डोकं फिरलं की मालवणीवर यायचात. “ह्यो त्याचो शब्द? बेचैन कोण होता गो, तो की तू?”

दुसऱ्या दिवशी चार वाजता तुम्ही मला त्यांच्याजवळ बसवलंत आणि स्वतः दारात उभ्या राहिलात. सात-आठ मिनिटं ते नुसते दांडा हलवत होते. मग माझा हात धरून म्हणाले, “ओलं.” धोबी साडेचारला धुतलेल्या चादरी आणायचा, म्हणून आम्ही खाटांवरच्या चादरी त्यानंतरच बदलायचो. जेवण झाल्यापासून तो माणूस ओल्यात पडलेला असायचा, आणि आदल्या दिवशी मी त्याला त्याच ओल्यात झोपवलं होतं. चादर बदलली, ते गप्प पडून राहिले. गोळी लागलीच नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही वही पुढे केलीत. मी लिहिलं, ‘ओलं’.

तेव्हापासून मी तुमच्या नियमाची इतकी पक्की झाले की बाकीच्या पोरी मला धाकटी मेट्रन म्हणून चिडवायच्या.

मग तीन वर्षांनी तुम्हीच आजारी पडलात. दुखणं हाडांपर्यंत पोचलं होतं. हॉस्पिटलात राहायला तुम्ही साफ नकार दिलात, आश्रमातल्या टोकाच्या तुमच्याच खोलीत खाट टाकून घेतलीत. डॉक्टरांनी दुखण्यावरची जोरदार गोळी लिहून दिली, एसओएस. गरज लागली की मागायची. सतराव्या वर्षी कोकणातून एकट्या आलेल्या, जन्मभर दुसऱ्याला काय होतंय विचारत फिरलेल्या तुम्ही, आणि तुम्ही मागणार? तुम्ही कधीच मागणार नाही, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मी येते, स्टूल ओढते, दहा मिनिटं बसते. “बाई, दुखतंय का? गोळी देऊ?”

“नको गो. चाललाहा.”

मी तसंच लिहिते. ‘नको गो. चाललाहा.’ रोज, दिवसातून चारदा, आठ दिवस. तुमच्या मुठीत चादरीचा कोपरा पिळलेला असतो, कपाळावर घाम असतो. ते सगळं मला दिसतं. पण रकाना शब्दांचा आहे, आणि शब्द तर मी अगदी बरोबर लिहितेय.

नवव्या दिवशी चार वाजता मी स्टूल घेतलंच नाही. विचारलंही नाही. गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन उभी राहिले. तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघितलंत आणि तोंड उघडलंत. पाऊण तासाने तुमची मूठ सुटली. चादरीचा तो कोपरा चुरगळून चुरगळून काळा पडला होता. मी बाहेर जाऊन रडले आणि परत आले, तर तुम्ही विचारलंत, “काय लिवलंस गो?”

मी वाचून दाखवलं. ‘दुखतंय. दे.’

तुम्ही डोळे मिटून घेतलेत. “अक्षर सुधारलां हा तुझां,” म्हणालात. त्यानंतर दर सहा तासांनी मी न विचारता गोळी आणायचे, तुम्ही घ्यायचात, आणि मी रकान्यात तेच शब्द लिहायचे. तुम्ही तीन आठवडे काढलेत, पण मूठ पुन्हा तशी आवळली नाहीत.

हल्ली मी बोरिवलीच्या एका आश्रमात नव्या मुलींना शिकवायला जाते. आज तिथे एक निवृत्त शिक्षिका ओठ घट्ट मिटून पडल्या होत्या. दुखण्यावरची गोळी नको, म्हणत होत्या. मी त्यांना म्हटलं, “अहो, आमच्या मेट्रन केवढ्या खमक्या, पण त्यांनीसुद्धा मागून घेतली होती.”

“खरंच?”

“वहीत लिहिलंय. त्यांच्याच शब्दांत.”

त्यांनी हात पुढे केला. “मग द्या.”

असं मी कितीतरी जणांना सांगितलंय आणि पुढेही सांगणार आहे. त्याचं मला काही वाटत नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एवढं लिहिते. तुमच्या त्या पहिल्या गोळीआधीच्या आठ दिवसांचं मी कुणालाच सांगत नाही, बाई.