गल्लीचा फिका रंग

प्रिय ताई,

मी मजेत आहे. भाऊजींचा गुडघा कसा आहे? फोनवर बोलवेना, म्हणून लिहितोय. आईला वाचून दाखवू नकोस.

कुठे जास्त लोक जीव देतात, त्याचा नकाशा मी बनवतो. त्यावरून समुपदेशन केंद्राची जागा ठरते. आपली मुलुंडची गल्ली गडद लाल आली. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "इथे फ्लॅट कोण घेईल रे?" आपलाही विकायला काढलाय ना. मी रंग फिका केला. केंद्र दुसरीकडे गेलं.

काल शेवंतीकाकूंनी जिन्यात विचारलं, "केंद्र आपल्याकडे कधी?" त्यांच्या आकाशने गेल्या वर्षी जीव दिला, तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, "नकाशात आपल्या गल्लीत गरज दिसत नाही."

"म्हणजे एवढ्या गल्लीत आमचाच एकटा?"

तुझा,
नितेश