ऑगस्टची चाचणी

४ सप्टेंबर

कॉर्बिनने कॉलेजच्या फुटबॉल खेळाडूंच्या युनियनच्या कार्डावर सही केली! जेवताना सांगितलं, तेही मक्याचं कणीस दातात धरून — जणू गाडीत पेट्रोल भरून आलो म्हणतोय.

रँडलचा घास हातातच राहिला. "शिष्यवृत्ती दर वर्षी नव्याने मिळते, बाळा. कोचच्या मनातून उतरलास की कॉलेज बंद."

"बाबा, कोचला तळ्याकाठी बंगला दिलाय. आम्हाला हेल्मेटवर चिकटवायला चांदणी देतात."

खरंय. आमच्या या फुटबॉलमध्ये धडक मारून समोरच्याला आडवं केलं की एक चांदणी. बालवाडीतही हाच दर होता. तिथे निदान कुणाला आडवं करावं लागत नव्हतं.

"मग पगार मागणार?" मी.

"पगार नंतर. आधी आम्हाला आमचा डॉक्टर हवाय. कोचच्या हाताखालचा नको."

विशीतला रेडा, आणि डॉक्टर मागतोय! मी हसले.

९ सप्टेंबर

इतकी वर्षं पेपरातल्या माझ्या सदरात महापौरापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांची टर उडवली. कोच हॅस्केटवर एक ओळ लिहवत नाही. सुचतात ढीगभर. भीती वाटते.

१७ सप्टेंबर

तेच महाशय आज दुकानात भेटले, भोपळ्यांच्या राशीपाशी. "बाई, आमचा संघ म्हणजे एक कुटुंब. कुटुंबात कुणी युनियन काढतं का?"

आमच्या घरात तर रोज संप असतो, असं जिभेवर आलं होतं. प्रत्यक्षात मी म्हणाले काय — "नाही हो, पोरं आहेत!" वर नको असलेला भोपळा घेऊन आले.

५ ऑक्टोबर

कालच्या सामन्यात टक्कर झाली. आवाज वरच्या रांगेपर्यंत आला. कॉर्बिन पडला, उठला, आणि चालत जाऊन विरुद्ध संघाच्या रांगेत उभा राहिला! सगळं स्टेडियम हसलं. रँडलसुद्धा. मला हसू आलं नाही.

७ ऑक्टोबर

संघाच्या डॉक्टरने डोक्याची चाचणी घेतली. शब्द वाचून दाखवायचे, जरा वेळाने परत विचारायचे. फोनवर केवढा खुशीत! "ऑगस्टमध्ये, हंगामाआधीच्या चाचणीत आठवले तितकेच आठवले. काही बिघडलेलं नाही. शनिवारी खेळू दे."

"किती आठवले?"

"निम्म्याहून कमी. पण ऑगस्टमध्येही तेवढेच होते ना! काही पोरं मुळात विसराळू असतात, बाई."

विसराळू? माझा कॉर्बिन? हा लहानपणी मागे जाणाऱ्या गाड्यांचे नंबर पाठ म्हणायचा. डोकं उठवायचा माझं.

८ ऑक्टोबर

त्याचा दोस्त मॅलिक जेवायला आला. कपाटाएवढा मुलगा, खुर्ची कुरकुरली. मी विषय काढताच हसत सुटला.

"काकू, ऑगस्टमध्ये सगळेच मुद्दाम ढ होतात! हंगामाआधी कमी गुण पाडून ठेवायचे. मग डोकं आपटलं, तरी 'होते तेवढेच' म्हणून सोडतात. नाहीतर बाकावर बसावं लागतं, आणि बाकावरच्याला चांदणी मिळत नाही."

कॉर्बिन बटाटे वाढून घेत होता.

म्हणजे कालची चाचणी कवडीमोल! डोक्याला मार आहे, आणि शनिवारी पुन्हा त्याच डोक्याने धडका. भांडी तशीच ठेवली. एकच दिलासा — ऑगस्टमधलं ते सोंग होतं. तेव्हा डोकं शाबूत होतं. आत्ता काय बिघडलंय ते विश्रांतीने भरून येईल.

९ ऑक्टोबर

रँडल म्हणतो, डॉक्टरला सांगू नकोस. "युनियनवाला पोरगा, त्यात चाचणीत लबाडी. कोचला आयतं निमित्त मिळेल. शिष्यवृत्ती गेलीच समज."

जाऊ दे. शिष्यवृत्ती दुसरी बघता येईल, डोकं कुठून आणू? उद्या जाऊन सांगते — माझ्या मुलाने ऑगस्टमध्ये फसवलं.

१० ऑक्टोबर

निघताना कॉर्बिनने दारातच अडवलं. "आई, फसवलं म्हणून सांगू नकोस. फसवलं ते गेल्या वर्षी. या ऑगस्टमध्ये मी जीव तोडून आठवत होतो गं."